आधी माझी झडती

आमच्या घरी येताना वकीलसाहेब उंबऱ्याबाहेर थांबायचे आणि आधी स्वतःचे खिसे उलटे करायचे. शर्टाच्या खिशातून पेन आणि पेपरमिंटच्या गोळ्या, पँटच्या उजव्या खिशातून रुमाल आणि किल्ली, डाव्यातून पंचनाम्यातली अंतरं ताडून बघायला ठेवलेली शिंप्याची मोजपट्टी. सगळं आमच्या चपलांच्या कपाटावर ओळीनं मांडायचं, दोन्ही खिशांची अस्तरं कुत्र्याच्या कानांसारखी लोंबत ठेवायची आणि माझ्या बायकोला म्हणायचं, "बघून घ्या वहिनी. बाहेरून आणलेलं काही नाही. आता येऊ?"

"या हो. चहा निवतोय."

"चहा निवू दे. नियम निवायला नको."

अकरा वर्षं ते इंदुरात आमच्या वरच्या मजल्यावर राहिले. आठवड्याला दोन खेपा धरल्या तरी अकराशेच्या वर होतात. एकदाही ते खिसे न उलटता आत आले नाहीत. झडती घेणाऱ्यानं आधी स्वतःची झडती द्यायची, म्हणजे त्यानं स्वतःच काही नेऊन ठेवलं नाही एवढी घरच्यांची खात्री पटते, असा साधा हिशोब होता. पोलीस हे कागदावर लिहितात, वकीलसाहेब करून दाखवायचे.

त्यांच्याकडे बहुतेक नशेच्याच केसेस असत. गांजा, पावडर, गोळ्या. अशिलाजवळ माल होता की नव्हता यावर ते क्वचितच बोलत. झडती कशी घेतली यावर मात्र तासभर बोलू शकत. खबर आधी कागदावर लिहिली होती का? मॅजिस्ट्रेट किंवा मोठ्या अधिकाऱ्यासमोर झडती मागायचा तुला हक्क आहे, हे त्या माणसाला सांगितलं का? पंच मोहल्ल्यातले होते की ठाण्याच्या चहावाल्याचा मेहुणा? जिथे या प्रश्नांची उत्तरं नीट मिळत, ती केस ते घेतच नसत. "पोलिसांनी चांगलं काम केलंय, मी कशाला मध्ये?" असं म्हणून फाइल परत.

घरात ते एकटे. बायको आधीच गेलेली, मुलगी पुण्याला. त्यांच्या दारावर पाटी नव्हती, बेल वाजवली की आतून एकच शब्द यायचा, "कारण?" दूधवाल्याला, गॅस सिलिंडरवाल्याला, वर्गणी मागणाऱ्यांना, सगळ्यांना. कारण सांगितल्याशिवाय कडी निघत नसे. सिलिंडरवाला दाराबाहेरून ओरडायचा, "कारण ये है भिया कि चालीस सीढ़ी चढ़ के आया हूँ!" पायऱ्या बत्तीस आहेत, मी मोजल्या आहेत. पण दार उघडायचं.

हा हट्ट त्यांना महागही पडायचा. सख्ख्या भाचीच्या लग्नात हॉटेलच्या फाटकावरच्या गार्डनं त्यांची पिशवी तपासायला मागितली. वकीलसाहेबांनी विचारलं, कोणत्या अधिकाराखाली? गार्ड म्हणाला, सबकी होती है. वकीलसाहेब म्हणाले, सबकी होती है हे कारण नाही, ही सवय आहे. पाऊण तास ते फाटकाबाहेर उभे. शेवटी आतून मंगलाष्टकं ऐकू आली तेव्हा त्यांनी तिथूनच अक्षता टाकल्या, गार्डच्या अंगावर, आणि आहेर त्याच्याच हाती देऊन घरी आले. बहीण वर्षभर बोलली नाही.

माझं पोलोग्राउंडला वजनकाटे दुरुस्तीचं छोटंसं वर्कशॉप आहे. आजोबा संस्थानच्या काळात नाक्यावर तोलाईच्या कामावर होते. काट्याशी आमचं नातं तेव्हापासूनचं. काटा कुठेही नेला तरी आधी शून्य बघायचं, मग शिक्क्याचं वजन ठेवून तपासायचं, मग माल तोलायचा आणि तिथल्या तिथे वहीत लिहायचं: तारीख, वेळ, जागा, वजन. वहीची पानं छापील नंबरांची, नोंद शाईनं, मध्ये ओळ सोडायची नाही. वडिलांनी लावलेली सवय आहे, यात माझी हुशारी काही नाही.

वकीलसाहेबांना त्या वहीचं फार कौतुक. कोर्टातून येताना कधीकधी दुकानात शिरायचे, खिशातली एक गोळी काट्यावर ठेवायचे. "किती?"

"तीन पूर्णांक दोन ग्रॅम."

"लिहा वहीत."

"साहेब, पेपरमिंट काय लिहायचं?"

"काटेवाले, जो माणूस पेपरमिंट लिहीत नाही तो उद्या हत्तीसुद्धा लिहिणार नाही."

माझ्या वहीत अशा चौदा नोंदी आहेत. गोळी ते मग तोंडात टाकायचे.

एका रविवारी त्यांनी मला खजराना ते पोलोग्राउंड स्कूटर चालवायला लावली. एकच पंच एकाच संध्याकाळी दोन पंचनाम्यांवर होता: खजरान्याच्या गणपती मंदिराजवळ सहा वीसपर्यंत आणि पोलोग्राउंडला सहा तीसपासून. "तुम्ही आकडेवाले. बघू, दहा मिनिटांत होतं का." ते मागे बसले, गणपतीला स्कूटरवरूनच हात जोडले आणि गजऱ्यांच्या दुकानांपासून घड्याळ लावलं. रविवार, रस्ता रिकामा, तरी सत्तावीस मिनिटं लागली. ते खूश होऊन म्हणाले, "मतलब आपला पंच उडत आला. आता कोर्टाला विचारतो, पंख पंचनाम्यात का नाही लिहिले?"

एकाच ठाण्याचे एकोणीस पंचनामे त्यांनी एका दोरीत ओवून ठेवले होते. एकोणीस आरोपी, आणि झडतीआधी प्रत्येकानं म्हटलेलं वाक्य अक्षरशः तेच: "मुझे आप पर पूरा विश्वास है, मेरी तलाशी आप ही ले लें।" चहा पिता पिता ते आम्हाला ते वाचून दाखवायचे. एकदा रिक्षावाल्याच्या आवाजात, एकदा कॉलेजच्या पोराच्या, एकदा साठीच्या बाईच्या. माझी बायको हसून हसून पदर तोंडाला लावायची.

"सगळ्या इंदुरात असा एक माणूस आणून दाखवा वहिनी, ज्याचा पोलिसांवर इतका पूरा विश्वास आहे. त्याला मी रोज पोहे-जिलेबी खाऊ घालीन."

सगळेच हसत नसत. समोरच्या घरात एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांचा एकुलता मुलगा पावडरपायी गेला, सव्विसाव्या वर्षी. एक दिवस जिन्याखाली त्यांनी वकीलसाहेबांना अडवलं. मी तिथेच होतो. त्या म्हणाल्या, "तुम्ही सोडवलेल्यांपैकीच कोणीतरी माझ्या मुलाला विकली असेल."

एरवी कोणालाही शेवटचा शब्द न देणारा हा माणूस, "असेल," एवढंच म्हणाला. त्यानंतर त्या बाई रस्त्यानं जाताना दिसल्या की वकीलसाहेब बसलेले असले तर उठून उभे राहायचे. बाईंनी कधी बघितलं नाही. ते तरीही उठायचे.

मीही एकदा विचारलं. मनात होतंच. "साहेब, मागच्या महिन्यात सुटला तो खरोखर विकायचा ना?"

"विकायचा."

"मग?"

"मग काय? कायद्यानं पकडला असता तर आत गेला असता. दोन कागद नीट लिहायचा आळस कोणी केला? त्यांनी. आणि राग कोणावर? माझ्यावर." त्यांनी कप खाली ठेवला. "काटेवाले, दुकानदारानं काट्याखाली चुंबक लावलं आणि एखाद्या वेळी वजन बरोबर आलं, तर तुम्ही त्याच्या काट्यावर शिक्का मारता?"

"नाही."

"का? वजन तर बरोबर आलं."

उत्तर माझ्याच धंद्यातलं होतं.

आता माझी चूक सांगतो. एका दुपारी एक शिपाई मोटारसायकलवर दुकानात आला. "भिया, काँटा लेके चलो, दस मिनट का काम है." पोलीस असे बोलावतात, तोलणारा म्हणून आम्हाला सही करावी लागते. मी याआधीही दोनदा गेलो होतो. ठाण्याच्या मागच्या खोलीत टेबलावर पावडरचं एक पाकीट होतं. मी शून्य बघितलं, दोनशेचं वजन ठेवून तपासलं, पाकीट तोललं. तीनशे बारा ग्रॅम. वहीत लिहिलं: दुपारी ४.४०, ठाणे, मागची खोली, ३१२. मग मुन्शीनं, म्हणजे ठाण्यातल्या लिखापढीच्या हवालदारानं, तीन पानं पुढे केली. वजनाची जागा कोरी होती, ती त्यानं माझ्यासमोर भरली. मी पान पान बघितलं. ३१२ बरोबर, काट्याचा नंबर बरोबर, माझा लायसन्स नंबर बरोबर. तीन सह्या केल्या आणि दुकानात परत आलो.

मी आकडे वाचले, मजकूर वाचला नाही. वजन आकड्यांत होतं. वेळ आणि जागा मजकुरात होत्या, शब्दांत लिहिलेल्या.

वर्ष उलटून गेल्यावर साक्षीचं समन्स आलं. त्यावर आरोपीचं नाव होतं, गाव गौतमपुरा, धंदा लोडिंग रिक्षा. ते नाव मी आमच्याच जिन्यात ऐकलं होतं. दर मंगळवारी एक बाई वकीलसाहेबांच्या दाराबाहेर पायरीवर बसलेली असे. गावाकडचा लसूण आणायची आणि वाट बघता बघता सोलून द्यायची. माझ्या बायकोनं तिला अनेकदा पाणी दिलं होतं. नवऱ्याला सकाळी खोलीवरून उचललं आणि कागदावर संध्याकाळी रस्त्यात पकडला असं लिहिलं, हे ती माझ्या बायकोला सांगायची. चौदा महिने तो आत होता. जामीन नाही, कारण पाकीट अडीचशे ग्रॅमच्या वर. शाबीत झालं तर कमीत कमी दहा वर्षं.

पाकीट मी तोललं होतं.

मी वही काढली, ते पान वाचलं आणि वर गेलो. बेल वाजवली.

"कारण?"

"त्या लोडिंग रिक्षावाल्याची केस. मला साक्षीला—"

दार उघडलं, पण साखळी लावलेलीच. फटीतून त्यांचा अर्धा चेहरा दिसत होता. "तुम्ही? तोलणारे तुम्ही आहात? कागदावर नुसता लायसन्स नंबर आणि सहीचं गिचमिड आहे."

"साहेब, माझं ऐका तरी, मी त्या दिवशी—"

"बस. एक शब्द नाही. तुम्ही सरकारी साक्षीदार आहात, मी आरोपीचा वकील. आत येऊ नका, मी खाली येणार नाही."

"अहो, पण मला सांगायचंय ते तुमच्याच कामाचं—"

"कामाचं आहे की नाही ते मला माहीत नसायला हवं. उद्या सरकारी वकील विचारेल, यांच्याशी काय बोलणं झालं? तुम्हाला खोटं बोलता येत नाही काटेवाले. तेवढी एकच चीज आहे तुमच्याजवळ. ती माझ्यासाठी खराब करू नका." आणि दार लावलं. आतून आवाज आला, "समन्समध्ये जे आणायला सांगितलंय ते आणा. जे खरं आहे ते बोला. वहिनींना सांगा, चहा बंद."

साक्षीला बावीस दिवस होते. बावीस दिवस ते जिन्यात भेटले की भिंतीकडे बघत उतरायचे.

मधल्या काळात मुन्शी दुकानात येऊन गेला. स्टूल ओढून बसला, माझाच चहा प्यायला. "भिया, टेंशन नई लेने का. बस इत्ता बोलना है कि दस्तखत मेरे हैं, वजन मैंने किया. रजिस्टर-विजिस्टर घर पे आराम करने दो." मग भिंतीवरच्या लायसन्सच्या फ्रेमकडे बघितलं. "लायसन्स हर साल रिन्यू होता है ना? अच्छा है. होते रेना चाइये."

घरी बायकोला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "समन्समध्ये काटा आणा लिहिलंय. वही आणा असं लिहिलंय का?"

"नाही."

"नका आणू असं लिहिलंय?"

"नाही."

"मग तुम्ही काटा नेता तेव्हा वही नेताच की." आणि लाटत राहिली.

कोर्टात सरकारी वकिलांनी मला चार प्रश्न विचारले. सही माझी. वजन मी केलं. तीनशे बारा. काटा प्रमाणित. वही माझ्या पिशवीत होती, पिशवी पायांजवळ. पुढच्या बाकावर ती लसूणवाली बाई बसली होती आणि माझ्याकडे बघत होती. पाकीट तोलणारा मीच, हे तिला त्याच दिवशी कळलं.

वकीलसाहेब उठले. पहिलं वाक्य न्यायाधीशांना: "हुजूर, रिकॉर्ड पर रहे, ये मेरे नीचे रहते हैं. हफ़्ते में दो चाय मेरी इनके यहाँ होती है. बाईस दिन से बंद है." कोर्टात हसू उठलं. मग ते माझ्याकडे वळले आणि मला ओळखलंच नाही असा चेहरा केला.

"तौल के पहले क्या करते हैं?"

"ज़ीरो चेक करता हूँ. फिर मुहर वाले बाट से जाँचता हूँ."

"और तौल के बाद?"

"रजिस्टर में लिखता हूँ."

"हर बार?"

"हर बार."

ते थांबले. त्यांना माहीत नव्हतं वहीत काय आहे. वही माझ्याजवळ आहे की नाही हेही माहीत नव्हतं. उत्तर माहीत नसेल तो प्रश्न उलटतपासणीत विचारू नये, असं ते स्वतःच नव्या वकिलांना सांगायचे. त्यांनी मोजपट्टी खिशातून काढली, बोटाला गुंडाळली, सोडली.

"उस दिन क्या लिखा था?"

मी वाकून वही काढली. सरकारी वकिलांनी हरकत घेतली. न्यायाधीशांनी वही मागवली, छापील नंबर पाहिले, मागची पानं चाळली, पुढची चाळली. एका जागी थांबले. "ये पिपरमेंट क्या है?"

"हुजूर," वकीलसाहेब म्हणाले, "वो मेरी थी. गवाह कुछ नहीं छोड़ता."

मग मी वाचलं. दुपारी चार चाळीस. ठाणे, मागची खोली. तीनशे बारा ग्रॅम. वकीलसाहेबांनी पंचनामा माझ्या हातात दिला आणि ते वाक्य वाचायला लावलं. मी पहिल्यांदाच ते वाचत होतो: शाम सात बजकर दस मिनट पर, पोलोग्राउंड के पास, मौके पर तौल किया गया.

मला वाटलं, झालं. पण त्यांनी मला सोडलं नाही.

"आप पढ़ना जानते हैं?"

"जी."

"तीन सौ बारह पढ़ लिया. सात बजकर दस मिनट नहीं पढ़ा?"

"मैंने नंबर देखे थे, साहब. बाकी नहीं पढ़ा."

"एक आदमी के दस साल भी नंबर ही हैं."

मी मान खाली घातली. हातातल्या पंचनाम्यावरचं ते वाक्य पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचलं.

शेवटच्या युक्तिवादात त्यांनी म्हणे दोनच मिनिटं घेतली. "हुजूर, इस केस में माल पहले तौला गया, बाद में मिला." बाकी न्यायाधीशांना निकालात लिहावं लागलं. माणूस सुटला. माझ्याबद्दलही निकालात एक ओळ होती, न वाचता सही केल्याबद्दल. ती बरोबरच होती. वजनमापे खात्याची नोटीस आली, मी लेखी उत्तर दिलं, सहा आठवडे दुकानाच्या फ्रेमकडे बघून काढले. लायसन्स राहिलं.

साक्ष झाली त्याच संध्याकाळी दारात खिसे उलटे झाले. पेन, गोळ्या, रुमाल, किल्ली, मोजपट्टी. "बघून घ्या वहिनी."

ती दारातच उभी राहिली. "भर कोर्टात यांना पढ़ना जानते हैं का विचारलंत म्हणे."

"विचारलं."

"शेजारी म्हणून जरा कमी नसतं का चाललं?"

"शेजारी म्हणूनच जास्त, वहिनी. गोड बोललो असतो तर वहीची किंमत गेली असती." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि तुम्ही ती पिशवीत घालून आणलीत. मी बावीस दिवस वर बसून हाच विचार करत होतो, हा माणूस आणतो की नाही."

"काय वाटत होतं?"

"फिफ्टी-फिफ्टी," ते म्हणाले आणि आत आले.

गुडघे गेल्यावर मुलीनं त्यांना पुण्याला नेलं. बत्तीस पायऱ्या त्यांनी बसत बसत उतरल्या. समोरच्या शिक्षिका तेव्हा फाटकाशी उभ्या होत्या. वकीलसाहेब कठड्याला धरून उठून उभे राहिले. बाईंनी गाडीचं दार धरलं, ते आत बसेपर्यंत. अजून फोन केला की पलीकडून आधी "कारण?" येतं. सहज केला म्हटलं तर म्हणतात, "सहज हे कारण नाही," आणि अर्धा तास बोलतात.

गेल्या महिन्यात दुकानात साध्या कपड्यांतली दोन माणसं आली. ठाण्यातून आलोय म्हणाली, दुकान बघायचंय म्हणाली. एक जण काउंटरची फळी उचलून आत पाऊल टाकणारच होता. पण मी फळीवर हात ठेवला आणि म्हटलं, "पहले कारण बताइए. लिखकर. फिर दोनों अपनी जेबें इस टेबल पर खाली कीजिए. पंच मैं बुलाता हूँ, बगल के दोनों लेथ वाले. और वीडियो भी बनेगा, आपका भी, मेरा भी."

"बोत कानून आ गया भिया तुमको?"

"पड़ोसी था मेरा."

शेजारचं लेथ बंद झालं. तिथले दोघे हात पुसत दारात येऊन उभे राहिले. फळी उचलणाऱ्यानं माझ्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, फळीवरच्या माझ्या हाताकडे बघितलं. मग म्हणाला, "बाद में आते हैं."

ते गेल्यावर मी वही उघडली. वजन काहीच नव्हतं, पण ओळ सोडायची नाही. शाईनं लिहिलं आणि या वेळी शब्द न् शब्द वाचून खाली सही केली: दुपारी ३.१५. दोन जण. कारण विचारले. सांगितले नाही. आत आले नाहीत.